कुंपणकाका

बटण दाबण्याआधी कुंपणकाका आकडा विचारायचे. "किती सापडतील?" शोधल्यावर कळेलच की, असं मी म्हटलं की ते कीबोर्ड माझ्यासमोरून ओढून घेत. "आदी आकडा सांग, मंग शोध. तुलाच ठाव नाय, तर त्या डब्याला काय ठाव?"

बोईसरच्या एका रसायन कारखान्यात आम्ही दोघं सूचनापत्रकांच्या फायली सांभाळायचो. कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा, हे कामगाराला त्या कागदावरून कळे. टाकीचं नाव बदललं की शेकडो फायलींत बदलावं लागे. त्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा नमुना लिहायचा. संगणक तसं दिसेल तिथे नवं नाव घालतो. नमुन्याच्या दोन्ही टोकांना 'नाव इथे सुरू झालं, इथे संपलं' अशी खूण घालावी लागते. काका जवळच्याच माहीम गावचे, घरची केळीची वाडी, म्हणून ते त्या खुणेला कुंपण म्हणत. ऑफिसात सगळ्यांनी काकांनाच ते नाव देऊन टाकलं.

खरं सांगते, मला त्यांचा वैताग यायचा. पाच मिनिटांच्या कामाला ते अर्धा तास लावत. सापडलेली प्रत्येक ओळ काचेवर बोट टेकवून वाचत. ते ठसे रोज सकाळी मी ओढणीने पुसायची.

त्या दिवशी टी२ टाकी बंद झाली आणि तिच्यातला माल टी१ मध्ये गेला. पत्रकांत टी२ च्या जागी टी१ घालायचं होतं. काका जेवायला गेले होते. मी कुंपण घातलं नाही, आकडा सांगितला नाही. 'सगळे बदला' दाबलं, पत्रकं छापली आणि प्लँटमध्ये पाठवून मोकळी झाले.

काका हात पुसत आले. किती सापडले, विचारलं. पाहिलं नाही, मी म्हटलं. ते पडद्याकडे वाकले आणि काचेवर बोट टेकवून एकेक ओळ वाचत गेले. मग हळूच म्हणाले, "टी२० कुठं गेली?"

टी२० ची टी१० झाली होती. नमुन्याला त्यातली टी२ दिसली, त्याने ती बदलली आणि पुढचं शून्य तसंच राहू दिलं. टी२० मध्ये धुण्याचं पाणी होतं, टी१० मध्ये तीव्र आम्ल. रिअ‍ॅक्टर रिकामा झाला की आत पाणी सोडायचं. आता कागद आम्ल सोडायला सांगत होता. आत अल्कलीचा गाळ होता. सगळं उसळून व्हॉल्व्हपाशी उभ्या माणसाच्या अंगावर आलं असतं. तिथे रामशरण होता, आठवड्यापूर्वी रुजू झालेला, कागदावर असेल तेच करणारा.

मी प्लँटला फोन लावला, तिकडे तो वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. "तू फोन सोडू नको," म्हणत काका धावले. त्यांचा गुडघा दुखरा होता. बदल उलटा करायचं माझ्या मनात आलं, पण खऱ्या टी१० त्यात मिसळल्या होत्या. कुठली मूळची आणि कुठली बदललेली, हे आता फाईल सांगू शकत नव्हती. मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत राहिले.

शेवटी फोन उचलला गेला. काका धापा टाकत होते. "हात लावला व्हता त्यानं. उघडला नाय." मागून रामशरणचा आवाज आला, "कागज में तो दस ही लिखा है, साहब."

काका रोज सकाळी फायलींची प्रत काढून ठेवत, म्हणून पत्रकं तासाभरात ठीक झाली. संध्याकाळी साहेबांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "मी सांगितलं तिला, वेळ नाय, दाब." त्या वेळी ते खोलीतही नव्हते. निवृत्तीला आठ महिने उरले असताना त्यांना घरी बसवलं. मी गप्प राहिले. मला नोकरी हवी होती, ती टिकली. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या हिवाळ्यात माहीमला गेले. काका वाडीच्या कुंपणाला काट्या बांधत होते. साहेबांना खरं सांगणार आहे, मी म्हटलं. ते मान हलवून नको म्हणाले.

"आकडा सांगतेस ना आदी?"

"सांगते."

"कुनाला?"

"तुमच्या खुर्चीला."

 काथ्याची गाठ बसली होती, ती काकांनी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.