नऊ फुटांची मगर

भावाचं शेवटचं पत्र आलं तेव्हा टेलरबाई एका जाड्या गिऱ्हाइकाची पँट कमरेत सैल करत होत्या. पत्र चार ओळींचं होतं. एकोणीस वर्षांची सेवा संपली, पुढच्या महिन्यात आम्ही तिघं कायमचे घरी येतो आहोत, मागची खोली झाडून ठेव, हिची प्रकृती बरी आहे. सख्खा धाकटा भाऊ इतक्या वर्षांनी समुद्रापलीकडून येणार म्हटल्यावर बहिणीला आनंद व्हायला हवा होता. टेलरबाईंनी ते पत्र घाईघाईनं मशीनखाली दडवलं.

कारण ती मगर.

भाऊ मिशनरी होऊन गेला, तेव्हा चर्चच्या मंडळीसाठी त्यानं दर महिन्याला पत्र लिहायचं ठरलं होतं. पाळकांची नजर अधू, म्हणून ते म्हणाले, "तुमच्या घरचं पत्र, तुम्हीच वाचा." त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी टेलरबाई चर्चच्या तीन लाकडी पायऱ्या चढून वाचनाच्या मेजापाशी उभ्या राहू लागल्या. एरवी लोक त्यांच्याशी आरशात स्वतःकडे बघत बोलायचे. बाई खाली, तोंडात टाचण्या, आणि वरून हुकूम, "जरा आखूड करा." त्या तीन पायऱ्यांवर मात्र सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघायचं. महिन्यातून दहा मिनिटं. बाईंनी त्यासाठी वेगळा ब्लाउज शिवला होता.

पण पत्रं! छपराच्या पत्र्याला भोकं पडली आहेत, खिळे मिळत नाहीत. खोकला हटत नाही. रविवारी दोघं आले, त्यांतला एक शेळीचं औषध मागायला. हिची प्रकृती बरी आहे. तिसऱ्या महिन्यात पंचमंडळाचे सेक्रेटरी पहिल्याच बाकावर घोरू लागले. कापड आखूड पडलं की टेलर जोड देतो, आणि जोड दिसू नये एवढंच बघतो. चौथ्या पत्रात "नदी" हा शब्द आला तेव्हा बाईंनी फक्त एक वाक्य जोडलं, "या नदीत मगरी आहेत." सेक्रेटरी जागे झाले.

नंतर बाईंचा हात बसला. नदीतून एक मगर बाहेर आली. ती नऊ फुटांची झाली. एकदा ऐन प्रार्थनेच्या वेळी ती दारात येऊन बसली, आणि भावजयीनं स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याचं झाकण दणादणा वाजवून तिला नदीपर्यंत हाकलून दिलं. भावजयीच्या हातात झाकण देण्यामागे बाईंचा विचार होता. एकोणीस वर्षं त्या बिचारीची पत्राच्या शेवटी नुसती प्रकृती बरी असायची. बाईमाणसाला काहीतरी काम द्यायला नको?

तिघं आली. भावाचे केस गेले होते आणि आवाज वाढला होता. चहा मागतानाही तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा मागायचा. भावजय वाळून काटकी झाली होती. पंधरा वर्षांची भाची मराठी बोलायची ती बायबलमधली. "आत्या, मला तहान लागली आहे, मला प्यावयास दे," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली, आणि बाईंना क्षणभर पेल्याऐवजी घागर शोधावीशी वाटली.

सत्कार रविवारी ठरला. शुक्रवारी सेक्रेटरी कापडी फलक घेऊन दाखवायला आले. रंगाऱ्यानं त्यावर भावाचं चित्र काढलं होतं, आणि त्याच्या पायाशी हिरवीगार, दात विचकणारी मगर.

"हे काय?" भावानं विचारलं.

"आता बघा, आम्हाला चकवता!" सेक्रेटरी त्याच्या पाठीवर थाप मारून गेले.

भावाला सत्कारासाठी कोट हवा होता. बाई त्याचा जुना कोट त्याच्या अंगावर घालून पाठीत टाचत होत्या. सांगायची हीच वेळ होती.

"अरे," त्या टाचण्यांमधून म्हणाल्या, "ती मम्मर..."

"ताई, आधी टाचण्या काढ तोंडातून. आणि मला भाषण पाठ करू दे. छप्पर या विषयावर बोलणार आहे मी. छप्पर आणि श्रद्धा."

बाईंनी डोळे मिटले. छपरानं माणसं झोपणार, मग कोणीतरी मगरीचं विचारणार, भाऊ म्हणणार "कसली मगर?", आणि त्यांच्या तीन पायऱ्या कायमच्या जाणार. खोटारडी टेलरीण म्हणून लोक बटण लावायलासुद्धा येणार नाहीत.

शनिवारी भांडी घासताना त्यांनी भावजयीपाशी सगळं ओकून टाकलं. भावजय हसता हसता ओट्याला टेकली.

"वन्सं, आमच्या नदीत आठ महिने शेळ्या चरायच्या हो! मगर कुठली?" मग तिनं डोळे पुसले. "आणि झाकण मी वाजवलं?"

"दणादणा. तीन वेळा सांगितलंय लोकांना."

"बरी होती म्हणून लिहायचे ना हे? त्यातली निम्मी वर्षं मी तापानं फणफणत होते. रात्री-अपरात्री बाळंतपणं करायला मीच जायचे, ते कधी लिहिलं नाही." तिनं घासलेलं पातेलं पालथं घातलं. "यांना काही सांगू नका. मी ओळखते यांना."

रविवारी चर्च भरलं. भावानं छप्पर सुरू केलं. सेक्रेटरींची मान कलली. मग पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्या नर्सबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, ते छप्पर राहू द्या. मगर केवढी होती ते सांगा!"

टेलरबाईंनी बाकाची कड घट्ट धरली. भावानं समोर पाहिलं. तीनशे डोळे. त्यानं फलकाकडे पाहिलं, आपल्या पायाशी रंगवलेल्या दातांकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"बारा फूट," तो म्हणाला.

भाचीनं आ वासला. "बाबा, परंतु तेथे तर..." भावजयीनं तिच्या तोंडात पेपरमिंटची गोळी कोंबली.

एकदा बारा फूट झाल्यावर भावाला कोण आवरणार? मगर फुत्कारली, शेपटी आपटली. तो एकटा छत्री घेऊन पुढे झाला. बायको? ती आत होती, घाबरून कोपऱ्यात बसलेली.

"पण झाकण तर तुमच्या बायकोनं वाजवलं ना?" नर्सबाई म्हणाल्या. "पत्रात होतं."

भाऊ नम्रपणे हसला. "पत्रात मी तसं लिहिलं खरं. स्वतःची बढाई कशी मारायची?"

टाळ्या पडल्या. भावजयीचं हसू मात्र मावळलं. आणि टेलरबाई, ज्या आठवडाभर आपली अब्रू वाचावी म्हणून देवाचा धावा करत होत्या, त्यांना अब्रू वाचताच असा संताप आला की कान तापले. मगर त्यांची. झाकण त्यांचं. आणि हा छत्री घेऊन मध्येच घुसला!

सेक्रेटरींनी तिथल्या तिथे पुढचे चार रविवार भावाला देऊन टाकले.

सोमवारी सकाळी भाऊ शिलाईच्या खोलीत आला. "ताई, माझी जुनी पत्रं आहेत ना? मगरीचं मी नेमकं काय लिहिलं होतं, आठवत नाही. पुढच्या रविवारसाठी जरा बघतो."

बाईंनी पायानं पत्रांचा डबा पुढे सरकवला. भावानं एक पत्र वाचलं, दुसरं वाचलं, दहा वाचली. पत्रा. खिळे. खोकला.

"यात मगर कुठाय?"

"मला काय ठाऊक? तिथं राहिलास तू."

मशीन थांबलं. भाऊ बहिणीकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचे कान टकलासकट लाल झाले.

"ताई... तू?"

"मग काय शेळीचं औषध वाचू एकोणीस वर्षं?"

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. बराच वेळ कोटाचं बटण फिरवत राहिला. मग लहानपणी गणित अडलं की यायचा त्या आवाजात म्हणाला, "चार रविवार आहेत गं. थोडं लिहून दे ना."

"लिहून देणार नाही," बाई म्हणाल्या. "वाचून दाखवीन. मी मेजापाशी, तू शेजारी उभा. छत्री घरी ठेवायची. झाकण जिचं तिच्या हातात. आणि बाळंतपणंही येतील. ती खरी आहेत, तेव्हा आधी तीच येतील."

"लोक काय म्हणतील?"

"तुझा घसा बसलाय म्हणतील. उद्यापासून हळू बोल. घरातही."

पुढच्या रविवारी टेलरबाई वेगळा ब्लाउज घालून तीन पायऱ्या चढल्या. भाऊ घशाला मफलर गुंडाळून शेजारी उभा राहिला. बाईंनी चष्मा लावला, कागद उलगडला आणि भर पावसात नदी ओलांडून बाळंतपणाला निघालेल्या एका बाईची हकिगत सुरू केली. सेक्रेटरी टक्क जागे होते. भावजय दुसऱ्या बाकावर मान ताठ करून बसली होती. भाचीनं आजची गोळी स्वतःहून तोंडात टाकली होती.

मग नदीचं पाणी हललं आणि काठावर मगर आली, नऊ फुटांची.

भाऊ किंचित वाकला. "बारा," तो मफलरातून कुजबुजला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी हातातला कागद उलटला, ज्याच्या दोन्ही बाजूंना फक्त खिळ्यांबद्दल लिहिलं होतं, आणि भावजयीच्या हातात झाकण दिलं.