कोरा जॉइंट

सोनईत कुणाच्या रानात पाइप फुटला की माणसं आधी गहिनीनाथ फिटरला फोन लावतात आणि मग मोटार बंद करायला पळतात. एकतीस वर्षं हा माणूस ठिबकच्या नळ्या अंथरतोय आणि पाइपलाइनी जोडतोय. सगळा गाव त्याला नाना म्हणतो. नानाच्या खिशात एक वेळ मोबाईल सापडणार नाही, पण सोल्युशनची डबी सापडणारच. सोल्युशन म्हणजे पाइप चिकटवायचं ते उग्र वासाचं औषध. ते लावल्याशिवाय नानानं जन्मात जॉइंट बसवला नाही.

म्हणजे, एकदाच बसवला होता. कारभारीच्या डाळिंबाच्या बागेत. डबी संपलेली, दिवस मावळायला आलेला, म्हणून कोराच जॉइंट दाबून बसवला आणि वर माती ओढली. महिन्याभरानं खालच्या अंगाची दोन ओळी झाडं पिवळी पडली. जमिनीखालून पाणी मुरत होतं. कारभारी चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच बांधावर उभा राहिला आणि झाडांकडं बघत बसला. ते न बोलणं नानाच्या जिव्हारी लागलं. त्यानंतर कोरा जॉइंट म्हणजे नानाच्या लेखी पापच.

नानाला एकच लेक, मोनिका. बायको मुक्ताबाई जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून घरात दोघंच. मोनिकानं नगरला शिकून घेतलं आणि पुण्याच्या एका ऑफिसचं काम घरूनच करायला लागली. काम काय, तर अजून न बांधलेल्या बिल्डिंगी कॉम्प्युटरवर उभ्या करायच्या आणि त्यांच्यातून फिरून आल्यासारखी फिल्म बनवायची. पारावर कुणी विचारलं तर नाना सांगायचा, "नसलेल्या घराचा पिक्चर काढती." माणसं हसायची आणि नानाही हसायचा. खरं सांगायचं तर त्याला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

कळलं ते फक्त एकच. मोनिकानं एक एक भाग जमवून तो कॉम्प्युटर स्वतः जुळवला होता आणि तो गार ठेवायला आत पाणी फिरत होतं. काचेच्या बाजूनं सगळं दिसायचं: छोटी टाकी, छोटी मोटार, ट्रॅक्टरला असतो तसला रेडिएटर आणि मऊ नळ्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाना उकिडवा बसून कितीतरी वेळ बघतच राहिला.

"आगं, हे तर ठिबकच हाय की!"

लेकीच्या जगात आपल्या ओळखीचं काहीतरी आहे म्हटल्यावर गड्याला फार बरं वाटलं. पुढं रोज सकाळी रानात जाण्याआधी तो त्या काचेत डोकावून टाकीतलं पाणी बघून जायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण जायचा.

या एप्रिलमध्ये मात्र मोनिका काम करायची त्या पत्र्याच्या खोलीत भट्टी झाली. मऊ नळ्या उन्हानं आणखीच मऊ पडल्या, वळणावर दुमडल्या आणि पाणी फिरेनासं झालं. काम ऐन भरात आलं की कॉम्प्युटर तापून बंद पडायचा. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसनं मोनिकाला मोठं काम दिलं होतं. ते सोमवारच्या आत पुरं केलं तर कायम घरूनच काम. नाही जमलं तर पुण्याला येऊन ऑफिसातल्या मशिनवर बसायचं. मोनिकानं हे बापाला सहज सांगितलं. नानानंही "बरं बरं" म्हटलं, पण त्या दिवशी भाकरी त्याला गोड लागली नाही. लेक गेली तर घरात आपण आणि भिंती, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात फिरत राहिला.

"नाना, मऊ नळ्या काढून टाकते. कडक बसवते. अ‍ॅक्रिलिकच्या येतात, काचेसारख्या. त्या दुमडत नाहीत," मोनिका म्हणाली. "फक्त गरम करून वाकवाव्या लागतात. ते मला जमंल का नाही, माहीत न्हाई."

"वाकवायच्या? आन मी कशाला हाय मग?"

नळ्या आल्या. वाकवताना आत घालायला रबराची लांब दोरीही आली. नाना आधी त्या दोरीला हसला. त्याच्या धंद्यात पाइपात वाळू भरून वाकवायची रीत, म्हणजे पाइप चेपत नाही. मोनिका म्हणाली, वाळूनं चरे पडतील. नानानं निमूटपणे दोरी घातली, गरम हवेच्या मशिनपुढं नळी गोल गोल फिरवली, आणि ती नरम पडल्याचं बोटांना कळलं त्या क्षणी गुडघ्यावर धरून काटकोनात वळवली. पहिल्याच झटक्यात. मोनिकानं कोन मोजला आणि बापाकडं बघितलं.

"नाना, लोकांच्या दहा दहा नळ्या वाया जातात यात!"

"लोकांनी चुलीवर पाइप वाकिवल्यात का कधी?"

चार नळ्या, सहा वळणं. एकही वाया गेली नाही. मोनिकानं फोटो काढून कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि वीस जणांनी विचारलं, कुणी केलं? तिनं लिहिलं, माझ्या वडिलांनी. ते तिनं वाचून दाखवलं तेव्हा नाना उगीचच उठून माठातलं पाणी प्यायला गेला.

मग जोडणी सुरू झाली आणि तिथं नानाचं घोडं अडलं. नळी नुसती पितळी टोपणात सारायची, आत दोन रबरी रिंगा, वरून हातानं पिळायचं. झालं.

"सोल्युशन?"

"लागत न्हाई, नाना. रिंगाच धरतात."

"कोराच जॉइंट?"

"कोराच."

  नानाच्या डोळ्यांपुढं कारभारीची पिवळी झाडं उभी राहिली. इथं तर खाली माती नव्हती, लेकीची तीन वर्षांची कमाई होती, आणि सोमवार चार दिवसांवर आला होता.

आठही जॉइंट तसेच कोरे बसवून झाले. टाकीत घालायचं शुद्ध पाणी बॅटरीवाल्याच्या दुकानात मिळतं, ते आणायला मोनिका गाडी काढून गेली. जेमतेम पंधरा मिनिटं गेली असेल. नानानं खिशातून डबी काढली. आठही जॉइंट सोडले, प्रत्येक नळीच्या टोकाला ब्रशनं पातळ हात फिरवला, होत्या तशा बसवल्या, टोपणं पिळली आणि वरून फडक्यानं लख्ख पुसून घेतलं. इतकं सफाईदार काम त्यानं आजवर कुणाच्या रानात केलं नसेल. चोरून केलं याचं त्याला वाईट वाटलं, पण आता गळणार नाही म्हणून निवांतही वाटलं. आपण लेकीला न सांगता तिच्या पाठीशी उभं राहिलो, असंच त्याला वाटत होतं. बापाची जात, दुसरं काय.

मोनिका आली. खाली कागद अंथरले आणि कॉम्प्युटर बंद ठेवून नुसती पाण्याची मोटार दिवसभर चालवली. थेंब नाही. कागद कोरे करकरीत. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर गार राहिला. नाना दर तासाला काही ना काही निमित्त काढून डोकावून जायचा.

शनिवारी दुपारी तो असाच दारात उभा होता. मोनिकाचं काम चारांत तीन हिस्से झालं होतं. सकाळपासून पाणी चांगलंच तापलं होतं. नानाला आधी दिसलं ते वरच्या जॉइंटपाशी. नळीच्या काचेवर केसासारख्या बारीक रेघा. त्यानं डोळे चोळले. रेघा वाढत होत्या. मग त्यातल्या एका रेघेतून एक थेंब फुगला आणि खालच्या गरम पाटीवर पडला.

"मोने, पानी!"

एकतीस वर्षांत नाना फुटलेल्या पाइपासमोर कधी गडबडला नव्हता. आधी वॉल्व्ह बंद करायचा, मग बघायचं. तो गुडघ्यावर बसला आणि वॉल्व्ह शोधायला लागला. इथं वॉल्व्ह नव्हता. मोनिकानं भिंतीवरचं बटण बंद करेपर्यंत चट् असा आवाज झाला, जळक्याचा वास सुटला आणि पडदा काळा झाला. नाना हातातला पंचा काचेवर दाबून बसला होता. पाणी काचेच्या आत होतं.

  नळ्या होत्या तशाच ठेवून मोनिकानं बाकीचा एक एक भाग सोडून पुसला आणि पंख्याखाली ठेवला. रविवारी जोडून बघितला, पण चित्र दाखवणारा मोठा भागच जळून गेला होता. तसला दुसरा नगरमध्येही लगेच मिळणारा नव्हता. तिनं पुण्याला फोन केला. इंग्रजीतून बोलली, त्यामुळं नानाला काही कळलं नाही. शेवटी ती तीनदा "ओके" म्हणाली, तेवढं मात्र कळलं.

संध्याकाळी ग्रुपवर कुणीतरी तिला लिहिलं की अ‍ॅक्रिलिकला स्पिरिटसारखं काही लागलं तर ते आधी ठीक दिसतं आणि गरम झाल्यावर तडकतं. तिनं बापाला विचारलं,

"नाना, नळ्या तुम्ही स्पिरिटनं पुसल्या होत्या का?"

"न्हाई," नाना म्हणाला.

स्पिरिटनं पुसल्या नव्हत्याच. उत्तर खरं होतं, पण ते देताना त्याचा हात खिशातल्या डबीवर गेला.

"मग माझंच काहीतरी चुकलं असंल," मोनिका म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

सोमवारी सकाळी घोडेगावच्या फाट्यावर दोघं गाडीची वाट बघत उभे होते. नानाच्या हातात बॅग होती. ती खाली ठेवायचंही त्याला सुचत नव्हतं. लांबून गाडी दिसली तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मोने, तुझं न्हाई चुकलं. मी सोल्युशन लावलं हुतं. तू पान्याला गेल्तीस तवा. आठीच्या आठी जॉइंटांना. कोरं बघवंना गं मला."

मोनिका त्याच्याकडं बघत राहिली. त्याला वाटलं, आता बोलंल. बोलावंच तिनं, चार शिव्या घालाव्यात. कारभारीसारखी गप्प राहू नये, एवढंच तो मनात म्हणत होता.

"वास आला होता मला," ती म्हणाली. "पाणी घेऊन आले तेव्हाच आला. पण म्हटलं, नाना बसलेत इथं. हा तर नानांचाच वास. लहानपणापासनं घरात तोच वास येतो की." तिनं त्याच्या हातातून बॅग घेतली. "मला वेगळं काही वाटलंच न्हाई."

गाडी थांबली. पायरीवर चढून ती वळली. "त्या नळ्या काढून ठेवा, नाना. सुट्टीला आले की मऊ बसवू परत. जेवत जा वेळेवर."

नाना घरी आला. रानातनं दोन फोन आले, ते त्यानं उचलले नाहीत. पत्र्याच्या खोलीत जाऊन बसला. काच बाजूला केली, टोपणं पाना लावून सैल केली आणि पहिली नळी धरून ओढली. ती हलली नाही. पिळून बघितली, तरी नाही. जॉइंटाच्या अलीकडं नळी रेघारेघांनी पांढरी पडली होती, पण जॉइंटात ती आणि रबर एकजीव झाले होते. दुसरी ओढली, तिसरी ओढली. चौथीही ओढली.

एकतीस वर्षांत नानानं सोल्युशन लावलेला एकही जॉइंट कधी सुटला नव्हता. हेही सुटले नाहीत.