मांजरीच्या अंगावर उमटलेला हात

सगळ्यात आधी आभार मानायचे ते माण गावातल्या आमच्या घरमालकीण काकूंचे. त्या सोबत नसत्या, तर त्या दिवशी जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी मांजरीऐवजी मलाच पिंजऱ्यात घातलं असतं.

मी नांदेडकडचा. आठवीत शाळा सोडली, आता इथल्या आयटी कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे. खोलीवर माझी वाट बघणारं कोण, तर एक पिवळी मांजर. तिच्या कुशीवर बोराएवढी गाठ आली आणि माझं जेवण सुटलं. कॅन्सर हा शब्द मी तोंडातून काढला नाही, पण डोक्यात दुसरं काही नव्हतं.

"नुसता बसून काय ऱ्हायलास? चल, मी येती संगं," काकू म्हणाल्या.

दवाखान्यात मॅडमनी गाठीवरचे केस काढले आणि कॅमेरा आणायला आत गेल्या. अंगाची उष्णता रंगांत दाखवणारा. तसलाच कॅमेरा आम्ही कंपनीत विजेच्या पॅनेलमधल्या तापलेल्या तारा शोधायला वापरतो, त्यामुळं जरा धीर आला. गाठ शेजारच्या कातडीपेक्षा गरम किंवा थंड दिसली तर संशय घ्यायचा, असं मॅडमनी सांगितलं.

स्क्रीनवर कूस लालभडक! मी तोंड फिरवलं. काकू मात्र वाकून बघत राहिल्या.

"अवं मॅडम, ह्या लालीला बोटं हायेत की!"

खरंच, पाच बोटं. माझ्याच हाताची ऊब ती. रिक्षातही मी गाठीवर तळहात दाबून बसलो होतो, आणि केस काढून झाल्यावर पुन्हा तिथंच ठेवला होता. उन्हात तापलेल्या पॅनेलचा फोटो घेऊ नका, कॅमेरा फसतो, हे कंपनीत सगळ्यांना सांगत फिरणारा मीच!

"वीस मिनिटं कुणीही हात लावायचा नाही," मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

ते मला कुठलं जमतंय? हात आपोआप पुढं जायचा. शेवटी काकूंनी माझे दोन्ही हात आपल्या मांडीवर घट्ट धरले. "मांजर गप बसलीया. तूच वळवळतुयास."

दुसऱ्या फोटोत गाठ आणि कातडी एकाच रंगाची. "लक्षण बरं आहे, पण हा अंदाज झाला," म्हणत मॅडमनी सुईनं नमुना घेतला. चार दिवसांनी निकाल आला: साधी चरबीची गाठ. मी जिन्यातच बसून रडलो.

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन अजून रखडलंय. "लई भ्या वाटतं," म्हणतात. काकू, ज्या दिवशी तयार व्हाल, त्या दिवशी मी रजा टाकणार आणि तुम्हाला आत नेईपर्यंत तुमचे दोन्ही हात धरून बसणार.