'माल'ला मी आतून लावलेली कडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगतोय.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोडला एका मेडिकलच्या वर आमचं छोटं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. द्राक्ष-कांद्याच्या व्यापाऱ्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. 'माल' नावाचा मूळ क्लास — क्लास म्हणजे प्रोग्राममधला साचा — माझा. त्यावरून 'कांदा' हा क्लास वासंतीने काढायचा. वासंती सुरगाण्याची, माझ्यानंतर लागलेली. दोघांपैकी एकालाच कायम करणार, असं ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, सांगून ठेवलेलं.

आणि तिचा प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालायचा हो! माझा? एक चूक काढली की तीन नव्या निघायच्या. सर चहा घेऊन तिच्या टेबलापाशी उभे राहायचे. माझ्या टेबलावर यायचा तो रिकामा कप. हसताय ना? मला नव्हतं हसू येत.

'माल'ची ताजी प्रत मी रोज सकाळी वासंतीला फ्लॉपीवर द्यायची, अशी पद्धत. ती उघडून कोणी बघत नसे — विश्वास! व्यापारी तिचा 'कांदा' बघायला येणार होते त्या सकाळी मी एकच शब्द बदलला. कन्स्ट्रक्टर — म्हणजे क्लासमधून वस्तू जन्माला येते तो दरवाजा — प्रायव्हेट केला. आतून कडी. मग बाहेरच्या कुणाला 'माल' बनवता येत नाही, आणि त्याच्या पोटी 'कांदा'ही जन्मत नाही. पोराला आधी आईबापाच्याच दारातून यावं लागतं.

व्यापारी खुर्चीत, स्क्रीनवर चुकांची रांग. वासंतीला लगेच कळलं.

"दादा, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट कसा झाला?"

इथे तरी — इथे तरी बोलायचं ना? चुकून झालं म्हणायचं? मी तिच्याकडे नाही, सरांकडे बघितलं. "सोमवारीच सांगितलं होतं हिला. रचना बदललीय, आता यावरून क्लास काढायचा नाही. असं करतात, सर."

असं करतात, हे खरंच. म्हणून तर खोटं खपलं.

तिने फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "सांगितलं असेल, दादा. माझंच लक्ष नसेल."

तिला ठाऊक होतं? — मला अजून ठरवता येत नाही.

मी कायम झालो. तिची नोकरी गेली, आणि तिचा 'कांदा' माझ्याच गळ्यात आला. मी कडी काढली. प्रायव्हेट खोडून प्रोटेक्टेड लिहिलं, म्हणजे पोरांपुरतं दार उघडं. तिची एक ओळही बदलावी लागली नाही.

पहिल्या फटक्यात चालला.