सातव्या विहिरीचं माप

वाळवंटाकाठच्या केबिली गावात आमच्या पाणीमोजणी कचेरीत मबरूका टायपिस्ट म्हणून लागली, तेव्हा मी शाळेत होतो. मी जीपचा ड्रायव्हर होऊन आलो तोवर कचेरीतले सगळे कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. पायथन ही प्रोग्रामची भाषाही ती आपली आपण शिकली होती, जेवणाच्या सुट्टीत, भाकरी एका हातात धरून. जीभ तिखट. तरी आम्ही तिला खालती, म्हणजे मावशी, म्हणायचो आणि मावशीचं ऐकावं तसं ऐकायचो.

त्या जूनमध्ये नवा कॉम्प्युटर आला. खालतीने त्यावर विहिरींच्या पातळीचा प्रोग्राम चालवला, तर पडद्यावर एकच ओळ: मोड्यूल, म्हणजे प्रोग्रामला लागणारा सुटा भाग, सापडत नाही.

"मदाम, काल तर घातलं म्हणालात," आमचे साहेब सी फौजी दारातून म्हणाले; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. "रातोरात पळालं की काय?"

"या मशीनवर पायथन दोन आहेत. एक दुकानदारानेच टाकून दिलंय. मी सामान एकाकडे ठेवलं आणि मागतेय दुसऱ्याकडे. तुम्ही कॉफी घ्या, तेवढ्यात होतं."

तिने जादाचं पायथन काढलं आणि एकेक मोड्यूल पुन्हा बसवलं. एक सोडून सगळी सापडली. न सापडणाऱ्याचं नाव होतं 'खलीफा'.

सी खलीफा आमचे जुने इंजिनियर. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. खांदा देणाऱ्यांत मी होतो. त्यांच्या या मोड्यूलवाचून आमचे तक्ते होत नसत. जुन्या कॉम्प्युटरवर मात्र ते रोज बिनबोभाट चालत होतं. ते नेमकं कुठून उचललं जातं, हे खालतीने त्या जुन्याकडूनच काढून घेतलं. पत्ता निघाला तो कागदोपत्री कधीच भंगारात गेलेल्या एका मशीनचा. आणि फाइल शेवटची बदलली होती गेल्या गुरुवारी.

"मुनीर, जरा इथे बस." तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "तू स्वतः माती टाकलीस ना रे त्यांच्यावर?"

"खालती, असलं काय विचारतेस!"

तिने फाइल उघडली. वर खलीफांची टीप होती: 'सातवी विहीर कोरडी. तळ चाळीस मीटरवर. पाणी त्याहून वर आलं, तर कोणीतरी जाऊन बघावं.' खाली दर गुरुवारची एक ओळ, विहिरीच्या तोंडापासून किती खोल ते. तीन वर्षांवर नुसतं चाळीस, चाळीस, चाळीस. मग अडतीस. एकतीस. बावीस. नऊ. शेवटचा आकडा होता दोन.

त्या मशीनकडे जाणारी तार धरून आम्ही बोळाच्या टोकाला पोचलो. खलीफांच्या खोलीला कुलूप होतं; किल्ली सी फौजींच्या खणात सापडली. दार उघडताच ऊन हवा तोंडावर आली. टेबलाखाली मशीन घरघरत होतं. जमिनीवर बोटभर धूळ, आणि तिच्यात एकही पाऊल नाही.

"आधी बंद करा ते," सी फौजी उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले.

"थांबा," खालती म्हणाली. "विहिरीत त्यांनी माप घेणारं यंत्र सोडलं होतं. ते दर गुरुवारी इथे कळवतं आणि हे मशीन फाइलमध्ये लिहितं. एवढंच आहे. पण मग पाणीही खरंच वर येतंय."

"कोरड्या विहिरीत?"

"तेच तर म्हणते मी."

भर दुपारी मी तिला जीपमधून तिथे नेलं. जुन्या खजूरबागेच्या कडेला आठ घरं, मधोमध विहीर, वर सिमेंटचं झाकण. चिटपाखरू नव्हतं. मी झाकणाला कान लावला आणि चटकन मागे सरलो. आत कोणीतरी झोपेत श्वास घेत असावं, तसं वाटलं.

एक बाई दारात येऊन उभी राहिली. "तुम्हालाही ऐकू येतं?" तिने विचारलं. "आमच्या फरशीखाली महिनाभर कुजबुज चाललीय. नवरा म्हणतो, तुझे कान गेलेत. चुलीपाशी तर अनवाणी उभं राहवत नाही."

पहारीने झाकण उचललं. वाफ आली, सडक्या अंड्यांचा वास आला. गुरुवारनंतर ते आणखी चढलं होतं; हात घातला असता तर लागलं असतं इतकं वर काळं पाणी होतं. त्यावर खजुरीचं एक पान सावकाश गोल फिरत होतं, फिरत फिरत मध्ये आलं आणि आत ओढलं गेलं.

"कुठेतरी खोल बोअरचा पाइप फुटलाय," खालती हळूच म्हणाली. "खोलातलं गरम पाणी खालून माती खातंय, मुनीर. ही घरं कशावर उभी आहेत कोण जाणे."

सी फौजी वरच्या कचेरीला पत्र लिहायला धजेनात, तेव्हा तिने स्वतःच्या सहीने लिहिलं, सोबत खलीफांची फाइल छापून जोडली, आणि दारोदार जाऊन बायकांशी बोलली. चार दिवसांत आठही घरं नातेवाइकांकडे हलली. नवव्या दिवशी, दुपारच्या नमाजाच्या वेळी, विहीर आणि तिच्या बाजूची दोन घरं खाली गेली. फारसा आवाजसुद्धा झाला नाही. माणूस एकही गेलं नाही. खड्ड्यातून उन्हाळाभर वाफ येत राहिली.

खालतीने ते मोड्यूल नव्या कॉम्प्युटरवर आणलं. नाव तेच ठेवलं. त्यानंतर दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. कोणाकडे गेली की आजही ती बसण्याआधी वाकते आणि फरशीवर तळहात टेकवते. यजमानीण चहा घेऊन ताटकळते, पण खालती हात लवकर उचलत नाही.