पाहुण्या मशीनसाठी झाडलेलं घर

कुसुमावतीच्या घरून उठलेल्या पाहुण्याच्या कपड्यांवर रुईचा एक तंतू दिसला, तर त्या बाईला तो अपमान वाटायचा. पाहुण्याचा नाही, स्वतःचा. तिची सासूही तशीच होती. घरात माग होता तेव्हा कोणी यायचं म्हटलं की धोटा थांबायचा, मागावर पांढरं फडकं पडायचं, पाणी शिंपडून उडालेली रुई खाली बसवायची, अन् मगच पाहुण्याला "या" म्हणायचं. विणकराच्या घरची ती इज्जत. पुढं माग गेला. मागाच्या खड्ड्यात आता कापसाची पोती असतात. पण इज्जत कुठं जाते? ती घरातच राहते, अन् कधी कधी घरच्यांनाच खाते.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावामागची ही गल्ली. बुटीबोरीच्या गिरण्यांमधला टाकाऊ कापूस इथं टेम्पोनं येतो. बाया तो घरातच काठीनं झोडतात, त्यातला कचरा वेचतात आणि उशांच्या खोळीत भरतात. हे सगळं दारं-खिडक्या लावून, कारण साधी झुळूक आली तरी कापूस उडून जातो. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत झोप. कुसुमावतीचा नवरा शालिकराम आधी मागावर, मग पॉवरलूमवर, अन् शेवटी बायकोच्या जोडीनं कापूस झोडायला बसला. आता तेही होत नाही. आडवा झाला की दम लागतो, म्हणून रात्रंदिवस खाटेवर टेकूनच बसतो.

शेजारच्या शोभाताई त्याला म्हणायच्या, "भाऊजी, साऱ्या नागपूरच्या उशा तुमी भरल्या, अन् तुमच्याच नशिबी बसून झोपणं आलं."

तो हसायचा. हसण्याचा खोकला व्हायचा.

तोंडात ओढायचा औषधाचा पंप असला की त्याचं बरं चालायचं. पंप संपला की मोठ्या दवाखान्यात जाऊन रांगेत उभं राहायचं. रांगेत उभं राहण्याइतका दम असता, तर पंप लागला कशाला असता? पण हा प्रश्न विचारायचा कोणाला?

अशात वैभवी आली. कुठल्याशा संस्थेची, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. म्हणाली, श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती यांच्या तब्येतीत फरक का पडतो, ते आम्ही मोजतोय. या गल्लीत एका घरी मशीन ठेवू, तशीच एक रिंगरोडपलीकडच्या कॉलनीत. मशीन दिवसभर हवा ओढते आणि त्यातली धूळ मोजते. जिथली हवा वाईट निघेल, तिथं दर आठवड्याला श्वासाच्या डॉक्टरची गाडी येईल. तपासणी फुकट, पंपही फुकट.

गाडी दारात येणार. कुसुमावतीला एवढंच ऐकू आलं.

शोभाताईंनी मात्र हात झटकले. "माझ्या पोरीचं जमून राहिलं. घरात मशीन लावली तं लोक म्हणतीन, यांच्या घरी बिमारी आहे."

"तं माझ्या घरी लावू," कुसुमावती म्हणाली. "माझी कोणती पोरगी राहिली आता लग्नाची?"

साऱ्या गल्लीच्या वतीनं एकच घर ठरलं. जाताना वैभवीनं सांगितलं, "काकू, माझ्यासाठी काही करू नका हं. रोज जसं चालतं तसंच चालू द्या."

आता हे वाक्य आपल्याकडं कोण म्हणत नाही? दारात उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा हेच म्हणतो. काही करू नका म्हणतो, अन् आपण चहा ठेवतो. जो खरंच काही करत नाही, त्याला लोक काय म्हणतात ते सांगायला नको. कुसुमावती मान हलवून "हाव" म्हणाली आणि मनात कामाला लागली.

मशीन यायच्या दिवशी तिनं पहाटेच सगळी पोती शोभाताईंच्या घरी नेऊन टाकली. भिंतीवरची रुई ओल्या फडक्यानं पुसली, फरशी धुतली, दारं-खिडक्या उघडल्या. मशीनखाली अंथरायला सासूच्या वेळचं पांढरं फडकं पेटीतून काढलं.

"काय वं, नवरदेव येऊन राहिला का?" शालिकरामनं विचारलं.

"चूप बसा ना. महागाची वस्तू आहे. रुई गेली तं बिघडन, मंग आपल्यालेच म्हणतीन."

दिवसभर त्या घरात कापसाला हात लागला नाही. दुपारी शालिकराम आपणहून म्हणाला, "आज बरं वाटून राहिलं मले." कुसुमावतीला वाटलं, मशीनचा पायगुण असेल.

संध्याकाळी वैभवी मशीन न्यायला आली. लखलखीत फरशीवरून तिची नजर फिरली. "काम रोजच्यासारखंच झालं ना, काकू?"

"हाव, रोजच्यासारखंच."

पाहुण्याला पंचपक्वान्नं वाढून आपण म्हणतो, तुमच्यासाठी वेगळं काही केलं नाही. कुसुमावती ते तसंच बोलून गेली. पोरगी हुशार होती, खोटं नाही बोलत. पण शिकलेल्या माणसाला गरिबाचं घर स्वच्छ दिसलं की बरं वाटतं, प्रश्न पडत नाही. तिला अजून दुसऱ्या वस्त्यांमधून मशीनी गोळा करायच्या होत्या. ती गेली.

थंडी पडायच्या सुमारास समाजभवनात सभा झाली. पडद्यावर नकाशा आला. वाईट हवेच्या वस्त्या लाल, चांगल्या हवेच्या हिरव्या. ही गल्ली हिरवीगार. कुसुमावतीनं शोभाताईंना कोपर मारलं, "पाहा वं." तेवढ्यापुरती तिची मान ताठ झाली होती. मग संस्थेचे साहेब वाचू लागले. कॉलनी आणि ही गल्ली यांच्या हवेत लक्षणीय तफावत आढळली नाही. डॉक्टरची गाडी कोळशाच्या डेपोजवळच्या वस्तीला जाईल.

तफावत आढळली नाही. तिकडं काचेच्या खिडक्यांमागं गार हवेत झोपणारी माणसं, इकडं बसून झोपणारा शालिकराम, अन् फरक नाही. मशीन खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी फरक नव्हताच. एका बाईनं तो पहाटे उठून झाडून काढला होता.

कुसुमावती उभी राहिली. "साहेब, म्या झाडलं होतं."

लोक हसले. साहेबही हसले. "चांगलंच केलंत ताई. स्वच्छता हवीच."

"तसं नाई. त्या दिवशी कामच बंद होतं. पोते दुसरीकडं ठेवले होते."

"पण काम सुरू होतं असं तुम्हीच सांगितलंय." साहेबांनी वैभवीकडं पाहिलं. ती खाली बघत होती. "आता आकडे वरच्या ऑफिसात गेले. पुढच्या टप्प्यात बघू."

पुढचा टप्पा कधी, ते कोणीच विचारलं नाही, अन् साहेबांनी सांगितलं नाही.

परतताना शोभाताईंना राहवलं नाही. "एक दिवस घाण राहू दिली असती तं काय बिघडलं असतं वं?"

"पोते तुयाच घरी होते ना? तुयाच घरी लावली असती मशीन तं?"



घरी शालिकरामनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या छातीत लाव म्हणा मशीन. तिथी कोणी झाडू नाई मारला."

कुसुमावतीनं ठरवून टाकलं, आता दारात कोणीही येवो, पाणी शिंपडायचं नाही. आपण कशात राहतो ते दिसू द्या लोकांना.

पंप संपला होता तेव्हाच वैभवी पुन्हा आली. एकटीच, मशीनशिवाय. कुसुमावती कापूस झोडत होती, ती थांबली नाही. खोलीत समोरचं माणूस धुरकट दिसावं इतकी रुई उडत होती. वैभवी पोत्यावर बसली.

"काकू, मी वर खूप बोलले. पुन्हा मोजा म्हटलं. कोणी ऐकत नाही. माझं चुकलं, मी तेव्हाच..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. खोकल्याची उबळ आली. ओढणी तोंडावर धरली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी खोकला थांबेना. कुसुमावती काठी चालवतच होती.

खाटेवरून शालिकराम म्हणाला. एका दमात होईना, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी म्हणाला, "अवं... पाणी मार ना. पाहुणी आहे."

कुसुमावतीचा हात थांबला. नवऱ्याकडं तिनं पाहिलं नाही. उठली, तांब्या घेतला, साऱ्या खोलीत पाणी शिंपडलं, दार उघडलं. रुई हळूहळू खाली बसली. वैभवीच्या खांद्यावर दोन-चार तंतू होते, तेही तिनं पदरानं झटकून काढले.

वैभवी गेली. कुसुमावतीनं दार लावून घेतलं आणि काठी उचलली.