शिसं, तीर्थ आणि चार कप चहा

बाबा नॉटिंगहॅमला बॅटरीच्या कारखान्यात शिसं वितळवायचे. कपड्यांवर शिशाची धूळ, म्हणून आई त्यांना तसंच घरात येऊ द्यायची नाही. बर्फ पडत असला तरी मागच्या शेडमध्ये कपडे बदलायचे, यार्डातल्या थंड नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग आत. ऊब द्यायला गॅस फायर एकाच खोलीत. आम्ही चौघं, अभ्यास, वाळत घातलेले कपडे, सगळं त्याच खोलीत. कारखान्यात मधूनमधून रक्त तपासायचे. शिसं जास्त निघालं की बाबांना भट्टीवरून काढून झाडू मारायला लावायचे. मग आठवडाभर ते कुणाशी धड बोलत नसत.

घरात देव नव्हते. आम्ही बौद्ध. तीर्थ, अंगारा, नवस हे शब्द बाबा शिवी दिल्यासारखे उच्चारायचे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी लीड्सला युनिव्हर्सिटीत इतिहास घेतला. शेवटच्या वर्षाच्या डिझर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, विषय निवडला कुप्यांचा. मध्ययुगातले यात्रेकरू मोठ्या चर्चला जायचे आणि तिथलं पवित्र पाणी या कुप्यांत भरून घरी आणायचे. कुपी अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, दोरी ओवायला दोन कान, तोंड चिमटून बंद केलेलं. ख्रिसमसच्या सुट्टीत बाबांना चित्र दाखवलं. कशाची आहे, त्यांनी विचारलं.

"शिशाची."

"आणि आत?"

"तीर्थ. आजारी माणसाला पाजायचे."

बाबांनी चष्मा काढून ठेवला. "ज्या दोन गोष्टींपासून तुला लांब ठेवण्यात माझा जन्म गेला, त्या दोन्ही तुला एकाच बाटलीत सापडल्या?"

आई म्हणाली, पोरगी निदान धूळ तरी घरात आणत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. आमच्या ट्यूटरबाईंनी मसुदा परत दिला. वर्णन छान आहे, मुद्दा कुठेच नाही, असंच दिलंस तर थर्ड क्लासवर समाधान मान, असं म्हणाल्या. इकडे बाबांनी अख्ख्या कारखान्याला माझी डिग्री सांगून ठेवलेली. माझं घोडं एका कुपीपाशी अडलं होतं. म्युझियममध्ये पाहिलेली. कुणीतरी तिचं तोंड कापून पाणी काढून घेतलं होतं आणि नंतर ते तोंड परत दाबून बंद केलं होतं. रिकामी कुपी कुणी कशाला बंद करेल?

ईस्टरला घरी गेले तेव्हा डोकं तापलेलंच होतं. जेवताना बाबांनी पुन्हा कुप्यांची टिंगल सुरू केली आणि मी बोलून गेले, "मग शोकेसमध्ये काय ठेवलंय तुम्ही?"

शोकेसमध्ये ऑरेंज स्क्वॉशची जुनी बाटली होती. आत महाडच्या चवदार तळ्याचं पाणी, चार वर्षांपूर्वी काकांनी आणलेलं. ज्या तळ्याला आमच्या माणसांना शिवू देत नव्हते, तिथे आजोबा तरुणपणी हजारो लोकांबरोबर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या बाटलीला आमच्या घरात कुणी फडकंसुद्धा लावायचं नाही.

"ते साधं पाणी आहे," बाबा म्हणाले. "साधं आहे, हाच तर मुद्दा."

"मग कुंडीत घालू?"

धाकट्या बहिणीने टीव्हीचा आवाज बारीक केला. बाबा उठले, बाटली काढली, किचनमध्ये गेले आणि सगळं पाणी चहाच्या भांड्यात ओतलं.

"अहो, चार वर्षांचं आहे ते," आई म्हणाली.

"उकळलं की झालं."

चार कप चहा झाला. त्याला स्क्वॉशचा आणि प्लॅस्टिकचा वास येत होता. बहीण एरवी अर्धा कप टाकून उठायची. बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तिने शेवटच्या घोटापर्यंत संपवला. तक्रार कुणीच केली नाही.

मग बाबांनी रिकाम्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं आणि ती शोकेसमध्ये होती तिथेच परत ठेवली.

मी वर जाऊन लिहायला बसले. पाणी प्यायचं, आजाऱ्याला पाजायचं, शेतात शिंपडायचं, संपवायचं. कुपी मात्र ठेवायची, कारण आपण तिथवर पोचलो होतो हे ती सांगते. बाईंनी आधार मागितला. बाबांना काही फूटनोटमध्ये घालता येईना, म्हणून म्युझियमच्या कपाटांतून तोंड कापून परत दाबलेल्या आणखी तीन कुप्या शोधून काढल्या आणि मोजमापांसकट जोडल्या.

मला अप्पर सेकंड, म्हणजे फर्स्टच्या खालोखालचा क्लास मिळाला. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घरांत डिग्री घेतलेली मी पहिली.